हाडातला दात

दातांचा वरचा थर खरवडून त्याची पूड करण्यात प्रयोगशाळेतल्या काकांची बावीस वर्षं गेली होती. तरी मॅडमच्या तोंडी सारखं नव्या मुलीचंच नाव. काकांच्या डोळ्यांत ती सलायची. एकदा त्यांनी तिच्या दोन बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या गुपचूप बदलल्या. एकीत तोंडात आलेल्या दाताची पूड होती, दुसरीत हाडातच राहिलेल्या दाताची.

आकडे पाहून मुलगी थबकली. "मॅडम, चिठ्ठ्या बदलल्यात. फ्लोराइड दातावर चढतं ते लाळेतून, पाण्यातून. ज्या दाताला कधी लाळच लागली नाही, त्याच्यात ते जास्त कसं?"

"कोणी बदलल्या?"

मुलीने शेजारीच उभ्या काकांच्या अंगठ्याला चिकटून वाळलेला डिंक पाहिला. "माझ्याच हातून झालं असेल," ती म्हणाली.

काकांच्या अंगाचा तिळपापड झाला. चांगुलपणातही कार्टी पुढेच.