हात न पोचणारी जागा

डोळ्याला भिंग लावून दिवसभर पोक काढून बसणाऱ्या घड्याळजीच्या डाव्या खांद्यामागे, जिथे स्वतःचा हात पोचत नाही नेमकी तिथेच, कायमची खाज होती. मलमं झाली, साबण बदलले. खाज ढिम्म.

घरात दुसरा हात एकच, बायकोचा, आणि तिने तर अबोला धरलेला. मुलीने आपल्या मनाने लग्न केलं, त्या दिवशी हा हट्टी माणूस दुकान उघडून बसला होता. तेव्हापासून बोलणं बंद. पण खाज उठली की तो पाठ करून बसायचा आणि ती यायची.

"वर."

"इथे?"

"जरा डावीकडे."

दिवसाचा संवाद एवढाच. तोही गेला तर काय, याची त्याला धास्ती होती.

शेवटी त्वचेच्या डॉक्टरांनी हात टेकले आणि दोघांना फिजिओथेरपिस्ट बाईंकडे धाडलं. बाईंनी मान, पाठ चाचपली.

"कातडीला काही झालेलं नाही, काका. खरी गोम मणक्यात आहे. नस दबते तिथे, खाज उठते इथे. खाजवणं बंद. खांदे मागे ओढायचा व्यायाम, गार पट्टी आणि हे हलका करंट देणारं मशीन. बरं वाटलं की मशीन परत आणून द्या."

"म्हणजे इतकी वर्षं मी उगाच नखं झिजवली?" बायको म्हणाली. घड्याळजीने हसू गिळलं.

मशीन मुठीत मावेल एवढं. दोन वायरी, टोकांना चिकट चकत्या. पहिल्याच संध्याकाळी त्याने सवयीने स्क्रूड्रायव्हर काढला आणि मशीनची पाठ उघडायला घेतली.

"अहो, ठेवा ते खाली! घड्याळ आहे का ते?"

कित्येक महिन्यांनी 'अहो' ऐकलं. त्याने मुकाट्याने खाली ठेवलं.

चकत्या तीच लावायची. मशीन चालू असेपर्यंत शेजारी बसायची.

"मुंग्या येतायत?"

"येतायत."

"वाढवू?"

एकदा ती म्हणाली, "पोरीने घर बदललंय." तो उठून गेला नाही. पुढच्या खेपेला त्यानेच विचारलं, "घर हवेशीर आहे ना?"

आणि खाज गेली. साफ गेली. आनंद व्हायचा सोडून त्याला आठवलं, आता मशीन परत द्यायचं. बायकोला त्याने सांगितलं नाही, पण बाईंशी खोटं बोलणं त्याला जमणार नव्हतं.

तपासणीच्या दिवशी बाईंनी विचारलं, "काय काका, खाज कशी आहे?"

त्याने तोंड उघडलं.

"आहे अजून," बायको म्हणाली. मशीनची पिशवी तिने मांडीवर घट्ट धरली होती. "संध्याकाळी तर फारच."

बाईंनी घड्याळजीकडे पाहिलं.

"हो," तो म्हणाला. "आणि चकत्या मला एकट्याला लावता येत नाहीत."