हाजी मिझबानचा कारखानी पंखा

बसऱ्याच्या जुलै महिन्याबद्दल खोटं बोलायची गरजच पडत नाही. खरं सांगितलं तरी परगावचे लोक हसतात. त्या वर्षी आमच्या गल्लीतली मांजरं सावलीत बसेनाशी झाली होती, कारण सावलीही तापलेली असायची. नेमक्या अशा दिवसांत हाजी मिझबानच्या दिवाणखान्यातल्या पंख्याने मान टाकली. आणि गुरुवारी त्याच दिवाणखान्यात चाळीस माणसं हाजीच्या मुलीला, नजातला, मागणी घालायला येणार होती.

तिसऱ्यांदा येणार होती. नजातचा आणि झिदानचा एकमेकांवर जीव आहे हे शत्त-अल-अरब नदीतल्या माशांनाही ठाऊक होतं, कारण झिदान टगबोट चालवायचा आणि तिच्या घरावरून जाताना विनाकारण भोंगा वाजवायचा. हाजीची मुलाबद्दल तक्रार काहीच नव्हती. फक्त लोकांनी आपल्याकडे येऊन मागावं, आणि आपण दाढी कुरवाळत बसावं, याची त्याला चटक लागली होती. पहिल्या खेपेला म्हणाला, "खजूर उतरू द्या." खजूर उतरला तेव्हा म्हणाला, "थंडी सरू द्या." शेवटी झिदानचा चुलता, शेख मुहावी, याने निरोप धाडला: "गुरुवारी हो म्हणालात तर हो. नाहीतर आमचे पाय पुन्हा तुमच्या उंबरठ्याला लागणार नाहीत."

मी जन्मभर पंखे टांगले. मूलबाळ नाही, म्हणून रिवाजाप्रमाणे लोक मला अबू गायब म्हणतात, म्हणजे अजून न आलेल्या पोराचा बाप. हाजीने मला बाजारात चल म्हणून बोलावलं, तेव्हा नजातने दारातच गाठलं.

"अबू गायब काका, चांगला गार वारा देणारा घ्या हं. बाबांचं डोकं जरा थंड झालं तर 'हो' म्हणतील."

"पोरी, तुझ्या बापाची मान हलवायला पंखा नाही, बंदरावरची क्रेन लागेल."

"मग क्रेन आणा," ती म्हणाली. हसली नाही.

अशारच्या बाजारात जब्बारच्या दुकानी गेलो. त्याने आधी सोनेरी पात्यांचा, पाच दिव्यांचा पंखा दाखवला.

"हा पंखा आहे की नवरी?" हाजी म्हणाला. "नवरी माझ्या घरात आहे. वारा दाखव."

जब्बारने एकेक चालू केला. बाजार जनरेटरवर होता, आणि आमच्या जनरेटरची वीज म्हणजे उपाशी गाढव. पंखे इतके सावकाश फिरले की एक माशी पात्यावर बसून दोन फेऱ्या मारून, कंटाळून उठून गेली.

"हाजी, सरकारी वीज आली की बघा कसा पळतो ते," जब्बार म्हणाला.

"आणि ती कधी येणार?"

"ते अल्लालाच माहीत."

"मग मी अल्लाच्या भरवशावर पाहुणे बसवू? जनरेटरवर पळेल असा दे!"

तेवढ्यात हाजीला कोपऱ्यातलं धूड दिसलं. जहाजं दुरुस्त करायच्या कारखान्यातून आलेला पंखा; एकेक पातं होडीच्या वल्ह्याएवढं. तो लावला, आणि त्या मरतुकड्या विजेवरही अशी गोड झुळूक आली की जब्बारने डोळे मिटले आणि आईची आठवण काढली.

"हाच!" हाजी म्हणाला.

"हाजी, हा जहाजांचा ओला रंग वाळवायला केलेला आहे," मी म्हणालो.

"मग माणसांचा घाम वाळवेलच की."

"आणि सरकारी वीज आली तर?"

"चार दिवस तोंड दाखवलं नाही तिने. नेमकी गुरुवारीच येईल? तू पंखे टांग, अबू गायब. भविष्य सांगू नकोस."

हाजीचं घर जुन्या पद्धतीचं. छत लोखंडी तुळयांचं, मधे विटांच्या कमानी. कमानीत आकडा ठोकला असता तर पंख्याबरोबर छतही खाली आलं असतं, म्हणून मी तुळईलाच पोलादी कडी आवळली. पंखा वर चढवायला चार हमाल लागले, आणि त्यांतला एक नंतर दोन बोटं बुटका झाला असं त्याची बायको सांगते. कुठली तुळई घ्यायची, ते मात्र हाजीने ठरवलं.

"बरोबर शेखच्या गादीच्या वर टांग."

"एवढा मान?"

"अरे, नकार ऐकताना माणसाला निदान घाम तरी येऊ नये." आणि दाढी कुरवाळली. "उन्हाळा सरू द्या म्हणणार आहे मी."

आत तबक पडल्याचा आवाज झाला. नजात दाराआडच उभी होती.

पंख्याची कळ एकपासून पाचपर्यंत. जनरेटरवर पाचला कुठे जरा झुळूक यायची, म्हणून हाजीने ती पाचवर ठेवली.

गुरुवारी दुपारची नमाज झाल्यावर चाळीस माणसं आली. भिंतीला पाठ लावून ओळीने बसली; पंख्याखाली शेख मुहावी, त्याच्यासमोर हाजी, आणि कळीपाशी मी. कॉफी आली. शेखने पेला घेतला आणि न पिता समोर ठेवला. एकोणचाळीस पेले तसेच खाली बसले. मागणी मान्य होईपर्यंत घोट घ्यायचा नाही, ही आमची रीत.

"हाजी," शेख म्हणाला, "आम्ही कशाला आलोय ते तुम्ही जाणता. तुमचा शब्द आला की आम्ही कॉफी घेऊ. नाही आला, तर हे पेले असेच राहतील."

हाजीने दाढीला हात घातला. "शेख, घर तुमचंच आहे. मुलगीही तुमचीच. पण..."

त्या 'पण'वर स्वयंपाकघरातला फ्रिज दचकला आणि सगळी गल्ली ओरडली, "आली! आली!"

इतक्या दिवसांची साठलेली सरकारी वीज त्या पंख्यात एकदम शिरली असावी. काय सांगू! पेल्यांतल्या कॉफीला लाटा आल्या. भिंतीवरचं कॅलेंडर जुलैवरून नोव्हेंबरवर गेलं, आणि खरं सांगतो, क्षणभर थंडी वाजली. एकाची जपमाळ दुसऱ्याच्या गळ्यात पडली. हाजीचा डोक्याचा रुमाल उलटून तोंडावर बसला, त्यात तो "मी कुठे आहे?" म्हणून ओरडू लागला. आणि शेखच्या डोक्यावरचा इकाल, रुमालावर बसवायचा तो काळ्या दोरीचा वेढा, हवेत गेला, एक गिरकी घेतली आणि हाजीच्या पायाशी पडला. मी झडप घालून कळ बंद केली.

हाजीने तोंडावरचा रुमाल काढला. त्याने पाहिलं ते एवढंच: शेख मुहावी बोडका बसलाय, आणि त्याचा इकाल आपल्या पायाशी आहे.

आमच्याकडे मोठ्या माणसाने आपला इकाल दुसऱ्याच्या पायाशी टाकला, की मागेल ते द्यावं लागतं. त्यानंतर नाही म्हणणाऱ्याला मशिदीत कोणी सलाम करत नाही, आणि न्हावीही दाढी अर्धी सोडतो.

हाजी पांढराफटक पडला. "शेख! अहो, हे काय केलंत! माझ्या पायाशी?" गुडघ्यांवर सरकत त्याने इकाल दोन्ही हातांनी उचलला, चुंबन घेतलं आणि शेखच्या डोक्यावर ठेवला. "मुलगी तुमची! आत्ताच तुमची! कॉफी घ्या, मला आणखी लाजवू नका!"

शेखने तोंड उघडलं. पंख्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी छताच्या विटा मोजू लागलो. मुहावीचा इकाल पंख्याने पाडला, ही बातमी संध्याकाळपर्यंत कुवेतला पोचली असती आणि त्याच्या नातवंडांनाही पुरली असती.

"पोरांच्या सुखापुढे इकाल काय चीज आहे, हाजी," तो भारदस्तपणे म्हणाला, आणि पेल्यात उरलं होतं तेवढं एका घोटात संपवलं. त्याच्यामागून एकोणचाळीस घोट. आतल्या बायकांनी आनंदाने असे उलूउलूचे आवाज काढले की नदीवरून भोंग्याने उत्तर दिलं.

हाजीने डोळे पुसत मला जवळ ओढलं. "पाहिलंस, अबू गायब? माझ्या नजातसाठी शेखने इकाल टाकला! पहिल्याच खेपेला हो म्हणालो असतो, तर मिळाला असता असा मान?"

"छे, हाजी," मी म्हणालो.

मागणी मान्य झाली की सरबत येतं. ते इतकं झटपट आलं, की पेले भरून नजात सकाळपासूनच दाराआड उभी असणार.