टवका उडालेला खल

मित्रांनो, मी एक जुना दगडी खल आहे. औषधे कुटायचे ते जड, खोलगट भांडे. माझ्याशी गोड बोलायला येऊ नका. माणसांच्या बाबतीत माझे डोके फार लवकर तापते, आणि ते का, हे आज सांगून टाकतो.

एका पाथरवटाने मला काळ्या दगडातून कोरून काढले. छिन्नीचे घाव सोसताना वाटले, यापेक्षा वाईट काही होणार नाही. मग माझ्या नशिबी बत्ता आला. त्या मठ्ठ सोबत्याने वर्षानुवर्षे माझ्या पोटात दणके घातले आणि एकदाही माफी मागितली नाही.

आम्ही राहायचो एका प्रयोगशाळेत. पांढऱ्या फरशांची खोली, फिनेलचा वास, भिंतीलगत उंदरांचे पिंजरे. तिथल्या संशोधक बाईला सगळे ताई म्हणत. सापाच्या विषावर झाडपाल्याचा अर्क चालतो का, हे ती शोधत होती. मुळ्या आणून द्यायचा तिचा थोरला भाऊ, दादा. त्याची औषधी झाडांची बाग होती आणि स्वतःच्या अकलेवर त्याचा भारी विश्वास होता.

दादा मुळ्या धुऊन द्यायचा. ताई त्या माझ्यात कुटायची आणि अर्क गाळून काचेच्या नळीत भरायची. त्याच नळीत ती सापाचे विष घालायची, नळी हलवून बाजूला ठेवायची आणि चहा प्यायला जायची. चहा झाला की ते मिश्रण उंदराला टोचायची. उंदीर जगायचा. आता नीट ऐका, मित्रांनो. उंदराच्या अंगात शिरण्याआधीच ते विष अर्कात मुरलेले असायचे.

दादाने फक्त जगलेला उंदीर पाहिला. झाले! आमच्या ताईने औषध काढले, असे तो गावभर सांगत सुटला. बागेत घालायचे गुडघ्यापर्यंतचे बूट आणि जाड हातमोजे त्याने माळ्यावर फेकले. लोक मला बघायला येऊ लागले. एकाने तर माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढून घेतला.

"दादा, अजून पुष्कळ काम बाकी आहे रे," ताई म्हणायची.

"तू ना, लहानपणापासूनच भित्री!" तो हसून म्हणायचा.

मग एका सकाळी तीच मुळी उपटताना साप त्याच्या उजव्या हाताच्या बोटाला डसला. इस्पितळ त्याच्या वाटेवरच होते. हा शहाणा इस्पितळाच्या दारावरून चालत पुढे आला आणि थेट आमच्या टेबलाशी उभा राहिला. हात मनगटाच्या वरपर्यंत सुजला होता. डाव्या हाताने त्याने मुळ्या माझ्यात कोंबल्या आणि बत्ता उचलला.

"दादा, सोड ते! इस्पितळात चल, तिथे विषावरचं इंजेक्शन आहे."

"तुझंच औषध आहे ना? उंदराला देतेस आणि सख्ख्या भावाला नाही?"

"अरे, उंदराला मी विष आधीच अर्कात कालवून दिलं होतं! तुझ्या अंगात विष भिनलंय. आता मागून अर्क देऊन काय होतं, ते मी अजून पाहिलेलंच नाही!"

"मग आता बघ की!" तो म्हणाला आणि कुटतच राहिला.

तेव्हा ताईने मला दोन्ही हातांनी उचलले आणि फरशीवर आपटले. माझ्या काठाचा टवका उडाला, मुळ्या पिंजऱ्यांखाली विखुरल्या. दादा तिला नाही नाही ते बोलत होता. तिने त्याला धरून गाडीत कोंबले आणि दार लावले.

दादा वाचला. इंजेक्शनला उशीर झाल्यामुळे ते बोट मात्र काढावे लागले. पुढे ताईने क्रम बदलून पाहिला: आधी विष, मग अर्क. उंदीर मेले. ती स्वतः भावाकडे गेली. "या मुळीत काही असेलही दादा, पण आज तरी ते औषध नाही," तिने सांगितले. त्याने तिच्याकडे पाठ फिरवली. बहिणीने औषध मातीत घातले, नाहीतर बोट वाचले असते, असे तो आजही सांगतो. ऐकणारे माना डोलवतात. त्यांचा मला सर्वांत जास्त राग येतो.

प्रयोगशाळेच्या शिपायाने मला मागच्या आवारात टाकून दिले होते. तिथून दादाने मला उचलून घरी आणले. आता मी त्याच्या व्हरांड्यात असतो. उरलेल्या बोटांनी तो बत्ता धरतो आणि तीच मुळी माझ्यात कुटतो. काल त्याने अर्काची बाटली भरून आपल्या लेकीच्या हातात दिली.

"बागेत जाताना जवळ ठेव," तो म्हणाला. "आणि बूट नकोत, उगाच जड होतात."

ती अनवाणीच गेली. तिची आत्या, म्हणजे ताई, तिथे असती तर तिने मला पुन्हा आपटले असते, आणि मी हूं की चूं केले नसते.

मित्रांनो, इतर जुन्या वस्तू तुम्हाला विनवतील की आम्हाला घासा, पुसा, जपा. मला त्यातले काही नको. साप चावला तर माझ्याकडे वळूनही पाहू नका, सरळ इस्पितळ गाठा. वाटेत मी आडवा आलोच, तर खुशाल लाथाडून पुढे जा. मी दगड आहे, मला काही होत नाही.