आमचा इंजिनिअर नाशकात हाय

तळवलीतलं जुनं घर पाडून गोटीरामांनी तिथे चार मजले उठवले, तेव्हा त्यांचे पाय जमिनीला लागत नव्हते. खाली पार्किंग, पहिल्या मजल्यावर स्वतः, वर सगळे भाडेकरू. पाचवा मजला चढवायचं निघालं आणि पोटचा पोरगाच आडवा आला. धनेश सिव्हिल इंजिनिअर.

"आबा, खाली नुसते पिलर हायत, भिंत नाय. मोठा धक्का बसला तर पयला हा पार्किंगच बसल."

"माज्या घरात खाऊन माज्याच घराला नावं ठेवतंस?" गोटीराम कडाडले.

पाचवा मजला चढला नाही तो नाहीच, पण धनेश नाशिकला नोकरी धरून गेला आणि बापलेकांचं बोलणं तुटलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसे दोघेही. मधल्या मधे धनेशची आई सुमित्राबाई भरडली गेली. तिला धनेशचा फोन यायचा, पण बापाचं नाव निघालं की तो "ठेवतो आये" म्हणायचा. दोन गणपती त्याच्याविना गेले. भाकऱ्यांचं पीठ मळताना तिचा हात अजून तिघांचंच पीठ घ्यायचा. लेक एकदा दारात उभा दिसावा, याहून तिला दुसरं काही नको होतं.

रविवारी सकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या प्रियाने भूकंपाचा सराव ठेवला. प्रिया शाळेत शिकवते, त्यामुळे अख्खी इमारत तिला वर्गच वाटते. शिटी वाजली की टेबलाखाली शिरायचं, डोकं झाकायचं, टेबलाचा पाय धरून ठेवायचा. हादरा थांबला की गॅस बंद करून जिन्याने उतरायचं, लिफ्टला हात लावायचा नाही. समोरच्या मैदानात जमलं की गावाबाहेरच्या एका माणसाला खुशाली कळवायची, कारण अशा वेळी इथल्या इथे फोन लागत नाहीत. "आणि इंजिनिअरने तपासल्याशिवाय कुणीही परत आत जायचं नाही!" हे तिने दोनदा बजावलं.

शिटी वाजली. टेबलाखाली गोटीरामांचं डोकं गेलं, पोट बाहेरच राहिलं. पण कुरकुरत का होईना, ते बायकोच्या मागून मैदानात आले.

"निरोपात सराव आहे हे आधी सांगा हं," प्रिया ओरडून सांगत होती. सुमित्राबाईने ते नीट ऐकलं. मग फोनवर आवाजी निरोपाचं बटण दाबून धरून ती म्हणाली, "धनेश, धरनी हालली रं. आमी भायेर हाव." आणि बोट उचललं.

फोन लगेच वाजला. सुमित्राबाईचा फोन कायम स्पीकरवरच असतो.

"आये! आबा कुठं हायत? त्यांना आत जाऊ देऊ नको, कागद आनायला म्हनून जातील ते! पिलरपासून लांब उबी ऱ्हा. आये, आबांना दे ना!"

पोराचा आवाज फाटला होता. गोटीराम शेजारीच उभे होते, ते चपलेने माती उकरत राहिले. सुमित्राबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"नाय रं बाला. सराव हाय. खोटा भूकंप."

"आये, असं करतात का? माजा जीव ऱ्हायला नाय."

"चुकला माजा." तिने पदराने डोळे पुसले. "तुजा आवाज ऐकायचा व्हता. आबांचा नाव तुज्या तोंडून ऐकायचा व्हता."

तो म्हणाला, "जा आता घरात."

"नाय जायाची. इंजिनिअरनी तपासल्याबिगर आत जायाचा नाय. आमचा इंजिनिअर नाशकात हाय." असं म्हणून ती मैदानातच फतकल मारून बसली.

लोक हसत परत निघाले. "मावशी, सराव संपला," प्रिया म्हणाली.

"तुमचा संपला."

गोटीराम तरातरा इमारतीकडे गेले. पार्किंगच्या तोंडाशी मात्र थांबले. पहिल्या पिलरवर हात ठेवून उभे राहिले, वरच्या चार मजल्यांकडे बघितलं, आणि तसेच मागे फिरले. गुडघे कुरकुरवत बायकोशेजारी मातीत बसले. फोन अजून कुणीच ठेवला नव्हता. ते त्यावर वाकले आणि त्यांनी घसा खाकरला.

"नाशकावरना यायाला किती येल लागतो रं?"

पलीकडे गाडीच्या चाव्या वाजल्या.