निळ्या दोऱ्याचा पेनड्राइव्ह

निळा दोरा बांधलेल्या पेनड्राइव्हचा दिवा लुकलुकत होता, आणि तो लुकलुकायला नको होता. लुकलुकायला हवा होता शेजारचा — तसाच काळा, तेवढाच लांब, तसाच लाल टोपणाचा, फक्त दोरा नसलेला. तो मात्र कोऱ्या पेपरवर हात ठेवून बसलेल्या पोरासारखा गप्प होता. त्याने संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं. हिरवी पट्टी भरत भरत टोकाला गेली आणि खाली अक्षरं उमटली — पेनड्राइव्ह तयार आहे. तयार... कशाला तयार? त्याचा हात पुढे झाला आणि त्याने दोरेवाला उपटून काढला, जणू आत्ता उपटल्याने मघाशी पुसलेलं परत येणार होतं.

मागे खाटेवर त्याची मुलगी झोपली होती.

दुकानात त्याला सगळे सबुरी म्हणत. नाव शेठने ठेवलेलं. ग्राहक कितीही कावलेला असो, याच्या तोंडी एकच शब्द — सबुरी. बंद पडलेल्या संगणकांना उठवणं हे त्याचं रोजचं काम. संगणकाची आतली यंत्रणा उठेनाशी झाली की बाहेरून दुसरी, एका पेनड्राइव्हवर भरून लावायची, तिच्या आधाराने त्याला उभं करायचं आणि आत काय शाबूत आहे ते बघायचं. पण ती यंत्रणा भरताना पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं. म्हणून त्याचा दंडक होता — आधी बाकीचे सगळे काढायचे, मगच कामाचा लावायचा. प्रोग्रामसुद्धा बिचारा विचारतो, यावरचं सगळं नष्ट होईल, पुढे जायचं का? हाताखालच्या कारागिरांना त्याने कितीदा बजावलं होतं, ती ओळ वाचा रे, ती शोभेला नाही ठेवलेली. आणि आज... वाचली का मी ती ओळ? डोळ्यांसमोर होती, खरं आहे. पण बोटाला वर्षांची सवय, ते आपलं 'हो' म्हणून मोकळं झालं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण — शेठला कळलं तर तो हीच म्हण आठवडाभर पुरवून वापरेल.

शेठचं सोडा. तिला कळलं तर?

सकाळी दार वाजलं तेव्हा त्याला वाटलं होतं, पाण्याची मोटर बंद करायला सांगणारे खालचे आजोबा असतील. दारात ती. आईबापांचे संसार वेगळे झाल्यापासून ती या खोलीत अगदी मोजक्या वेळा आली होती, आणि तीही उभ्या उभ्या. चहा नको, घाई आहे, आईने ही कागदपत्रं दिलीत. आज ती आत आली ती बॅगेसकट. लॅपटॉप उठत नाही म्हणाली. उद्या कॉलेजात फिल्म द्यायची आहे, वर्षभर हाताने चित्रं काढून केलेली, आणि काल रात्रीपासून हा नुसता काळा पडदा. तिने निळ्या दोऱ्याचा पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला. "गेल्या आठवड्यापर्यंतचं यात आहे. आधी याची एक कॉपी करून ठेवा तुमच्याकडे, मगच लॅपटॉपला हात लावा," असं एखाद्या जाणत्या बाईसारखं बजावलं. हे शहाणपण त्यानेच शिकवलेलं. पेनड्राइव्हही त्यानेच दिलेला, दुकानातल्या खोक्यातून, ती कॉलेजात गेली त्या वर्षी. दोरा तिचा. 'तुम्ही' हेही तिचंच — पूर्वी पोर अरे-तुरे करायची, आता बँकेतल्या माणसाशी बोलावं तशी बोलते.

मग ती खाटेच्या कडेला बसली. दोन रात्री झोप नाही म्हणाली. तो चहाचं भांडं विसळेपर्यंत आडवी झाली होती, बूट तसेच, हात उशीखाली. त्याने गॅस बंद केला. खोलीत कुणीतरी झोपलंय आणि आपण पाय न वाजवता वावरतोय, हे सुख किती दिवसांनी... त्याने खिडकीचा पडदा ओढला, पंखा एकावर आणला, आणि उगाचच दोनदा तिच्याकडे बघून आला.

तिथेच कॉपी काढून घेतली असती तर! हात कॉपीकडेच चालले होते. पण त्या फायलींत एक फिल्म होती, आणि बापाच्या डोळ्यांना कोण आवरणार? आवाज बंद करून त्याने ती आपल्या संगणकावर लावली. पेन्सिलीच्या रेघा, थोड्या थरथरत्या. एक खोली. टेबल. टेबलाशी पाठमोरा बसलेला माणूस, कानावर स्क्रू-ड्रायव्हर — तो स्वतः अडकवतो तसाच, दांडी लाल, तेवढाच रंग साऱ्या चित्रात. आणि टेबलाखाली एक लहान मुलगी, पडलेले स्क्रू वेचून मुठीत साठवणारी. खारूताई म्हणायचा तो तिला. रात्री झोपताना मूठ उघडायची नाही, झोप लागली की एकेक बोट सोडवून स्क्रू काढून घ्यावे लागायचे... चित्रातला माणूस हात खाली करतो, न बघता, आणि मुलगी त्याच्या तळहातावर एक स्क्रू ठेवते. तो वळत नाही. मुलगी वाट बघते. आणखी एक ठेवते. तो वळत नाही.

त्याने फिल्म बंद केली. पुढे बघवेना. वळतो का तो? वळत असेल, चित्रच तर आहे, काढणाऱ्याच्या हातात आहे. आणि नसेल वळत तर? त्याला वाटलं, आता हातांना काम हवं, ताबडतोब हवं. त्याने खोक्यातला दुसरा पेनड्राइव्ह काढला, पहिल्याशेजारी लावला, प्रोग्राम उघडला, यादीत एकाच नावाचे दोन दिसले, एकावर बोट ठेवलं, आणि हो. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. तोही डोळे मिटून केलेला.

आता सबुरी. दोरेवाला पेनड्राइव्ह त्याने रुमालात गुंडाळून कपाटावर ठेवला. त्यावर आता काही लिहायचं नाही, एक अक्षर नाही. नवी यंत्रणा तशी लहान असते, सुरुवातीचाच भाग व्यापते, मागचं खरवडून थोडंफार निघतं कधीकधी — नावं गेलेली, तुकडे झालेली, पण निघतं. हे त्याने लोकांना सांगितलं होतं. सांगताना स्वतःचा त्यावर किती विश्वास असतो तेही त्याला माहीत होतं. आता उरला लॅपटॉप. त्यात सगळं असायला हवं, शेवटच्या आठवड्यासकट. म्हणजे आता जे आहे ते फक्त त्यात आहे.

त्याने सगळं उपटलं. नवा पेनड्राइव्ह एकटाच लावला. या खेपेला ओळ ओठ हलवून वाचली. तयार झाल्यावर तो लॅपटॉपला लावला, बटण दाबून धरलं. कुठून सुरू करू, अशी यादी येते, तिच्यात पेनड्राइव्हचं नाव नाही. दुसऱ्या खाचेत घातला. नाही. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये बाहेरच्या यंत्रणेला मज्जाव करणारं एक कुलूप असतं, ते काढलं. आता नाव दिसलं, त्याने निवडलं, पडदा काळा झाला आणि डाव्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ उघडझाप करत राहिली. पुढे काही नाही. रेघ... रेघ... रेघ. दुकानात अशा वेळी तो शिट्टी वाजवतो. इथे वाजवून चालणार नव्हतं.

खाट करकरली. ती कुशीवर वळली होती, झोपेतच.

उठली आणि विचारलं तर काय सांगू? सांगेन, चालू आहे. खोटं नाही ते. ग्राहकाला वाईट बातमी एकदम कधी द्यायची नाही, हे त्याचं तत्त्वच होतं. बघतो. प्रयत्न करतो. उद्या या. 'उद्या या' म्हणजे गेलं, हे माणसाला आपोआप उमगतं, आपल्या तोंडून जात नाही. घरीसुद्धा... बघू, अजून काही ठरलं नाही, असं तो या पोरीला सांगत होता तेव्हा पलंगाखाली त्याची बॅग भरलेली होती. ती वाकून चप्पल शोधत होती आणि तिने बॅग पाहिली. चप्पल घालून क्लासला गेली.

त्याने खणातून तशीच यंत्रणा भरलेली जुनी सीडी काढली, आणि ती फिरवणारी बाहेरची पेटी. पेनड्राइव्हला दाद न देणारी यंत्रं कधी सीडीला देतात. हट्टी म्हातारी डॉक्टरचं ऐकत नाही, शेजारणीचं ऐकते, तसं. पेटी घरघरली. त्याने तिच्याखाली टॉवेल घातला, तरी घरघर थांबेना. त्याने दोन्ही हात पेटीवर ठेवले, जणू आवाज हातांनी दाबला जातो. आणि पडद्यावर रंग आला. आधी करडा, मग निळा, मग रिकामं स्वच्छ अंगण असावं तशी ती परकी यंत्रणा उभी राहिली. आत काही न बसवता, कशाला हात न लावता, नुसती पाहुण्यासारखी. कोपऱ्यात लॅपटॉपच्या आतल्या डिस्कचं चित्र. म्हणजे डिस्क आहे! मेलेली नाही. त्याने त्यावर बोट टेकवलं. चित्राभोवती एक चक्र फिरू लागलं.

फिरत राहिलं.

लॅपटॉपच्या आतून बारीकसं टक् झालं. थांबलं. पुन्हा टक्. चांगल्या डिस्कमधून हा आवाज येत नाही. पण असा आवाज करत करत उघडलेल्याही त्याने पाहिल्या होत्या. उघडेल. उघडली की सगळं दुसरीकडे उतरवून घ्यायचं, मग निळ्या दोऱ्यावर पुन्हा भरून ठेवायचं, गाठसुद्धा जागच्या जागी, आणि ती उठेल तेव्हा म्हणायचं, घे. कुणाला कळणार? झाकली मूठ सव्वा लाखाची... या विचाराने त्याला एकदम इतकं हलकं वाटलं, की त्या हलकेपणाचीच त्याला भीती वाटली. उघडली तर मी कधीच सांगणार नाही. आणि नाही उघडली तर सांगेन, पण तेव्हा सांगण्यात माझं काय? दोन्हीकडे मी पाठमोराच.

"झालं?"

ती उठून बसली होती. गालावर उशीची घडी उमटलेली, केस एका बाजूला. चक्र फिरत होतं. जीभ सवयीने 'बघतोय' म्हणायला निघाली, तशी त्याने ती दातांखाली धरली. मग लॅपटॉपचा पडदा भिंतीकडे फिरवला, उठला, कपाटावरचा रुमाल काढला आणि तिच्यासमोर जमिनीवरच बसला.

"याची कॉपी मी काढली नव्हती," तो म्हणाला. "घाईत चुकीच्यावर दाबलं. यातलं पुसलं गेलंय. माझ्या हातून."

ती रुमालाकडे बघत राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने पेनड्राइव्ह उचलला, दोरा बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. ओठ घट्ट. लहानपणी मूठ मिटायची तसेच.

"आणि लॅपटॉप?"

"डिस्क दिसतेय. उघडेल की नाही, मला माहीत नाही."

हे वाक्य त्याने आयुष्यात कुठल्या ग्राहकाला म्हटलं नव्हतं. मला माहीत नाही. खोलीत पेटीची घरघर तेवढी राहिली, आणि मधूनच ते टक्. ती रडेल असं त्याला वाटलं, मग वाटलं बॅग उचलून जाईल, आणि दोन्हींसाठी तो तयार नव्हता, तरी जागचा हलला नाही.

"पुसायच्या आधी फिल्म लावून बघितलीस?" तिने विचारलं. आवाज झोपेतून आल्यासारखा होता.

"हो."

"कुठपर्यंत?"

"ती दुसरा स्क्रू ठेवते तिथपर्यंत."

"म्हणजे पुढचं बघितलंच नाहीस."

"नाही."

ती त्याच्याकडे बघत होती — रागाने, हे स्पष्ट होतं. पण बघत होती. त्याच्या पाठीमागे, भिंतीकडे तोंड केलेल्या पडद्यावर, चक्र फिरत असेल किंवा थांबलं असेल, काहीतरी उघडलं असेल किंवा कायमचं मिटलं असेल. टक् ऐकू येईनासं झालं होतं. याचे दोनच अर्थ होतात, आणि दोन्ही त्याला ठाऊक होते. मान वळवली असती तर कळलं असतं. त्याने वळवली नाही. पुढे काय होतं, असं त्याने तिला विचारलं, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत थांबून राहिला.