भ चा म

सकाळी नऊच्या सुमारास आईला शस्त्रक्रियेसाठी आत नेलं आणि तिच्या मुलीला दारातच अडवलं. रखवालदाराने हातातल्या कागदावर नजर टाकून सांगितलं, सोबत मुलगा चालेल, मुलगी नको. तसा शेरा आहे.

मुलगी एका शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवते. रजा काढून ती पहाटेच आली होती. आईचं कानातलं यंत्र जपून ठेवायला तिच्याकडेच दिलेलं होतं. त्या यंत्राशिवाय आई कशालाही मान डोलावते. काही दुखतं का विचारलं तरी हो, काही दुखत नाही ना विचारलं तरी हो. ढकलगाडीवर आडवी पडून ती तशीच मान डोलावत आत गेली.

कसला शेरा, हे विचारायला मुलगी नोंदणीच्या खिडकीशी गेली. खिडकीतली बाई आधी दाद देईना. घरगुती भांडणं घरीच मिटवलेली बरी, एवढंच तिने वर न बघता सुनावलं. मग मागे रांग वाढायला लागली तेव्हा कटकट नको म्हणून तिने एक छापील पान सरकवलं.

त्या पानामागे दादा होता. थोरला भाऊ. घरातला एकही कागद त्याने कागद म्हणून राहू दिलेला नाही. विजेची बिलं, वडिलांची पत्रं, आईची औषधांची चिठ्ठी, जे हाती लागेल त्याचा फोटो काढायचा, फोटोचा मजकूर करायचा, मजकुराचं पीडीएफ करायचं आणि मूळ कागद रद्दीत टाकायचा, हा त्याचा खाक्या. वहिनीला भाजीची यादीसुद्धा तो पीडीएफ करून पाठवतो. ती फाइल उघडत नाही, म्हणून वहिनी भाजी मनानेच आणते आणि दादाला वाटतं यादी उपयोगी पडली. ही कला त्याला कुणी शिकवली नाही. एवढं अज्ञान आणि एवढा उत्साह एकाच माणसात असला की शिकवणीची गरज पडत नाही.

या रुग्णालयाला जुन्या कागदांचे फोटो चालत नाहीत. मजकूर हवा, तोही त्यांनी दिलेल्या साच्यात. दादाला आकाश ठेंगणं झालं. घरच्या डॉक्टरांचं जुनं पत्र होतं, झिजलेल्या टाइपरायटरवर बडवलेलं. आईच्या मागच्या शस्त्रक्रियेनंतर मामा तिला तपासणीला घेऊन गेला होता, तेव्हाचं. त्या शस्त्रक्रियेत भूल दिल्यावर आईचा श्वास बंद पडला होता. मामा आता नाही, डॉक्टरही नाहीत. हे पत्र गेलंच पाहिजे, असं बहिणीने दादाला पुन्हापुन्हा बजावलं होतं. गेलं, दादा म्हणाला होता, पोचल्याची पावतीसुद्धा आली.

पोचलेला मजकूर तिच्या हातात होता. अक्षरं अगदी सुबक, समास सारखे, कुठे डाग नाही.

“रुग्णासोबत माऊ आहे. चालताना योडी घाप लागते. रुग्णाला मुलीचा तीव्र त्रास होतो. मागील खेपेस मुलीमुळे श्वास बंद पडला होता. यापुढे मुलीबाबत अत्यंत सावध राहावे.”

माऊ वाचून तिला हसू आलं. तिसऱ्या वाक्याला ते गेलं. ही चूक ती रोज तपासते. भ च्या डोक्यावरची रेघ सुरुवातीला तुटलेली असते, ती पहिलीतली पोरं सपाट्यात सलग ओढून टाकतात. भ चा म होतो, ध चा घ होतो. ती लाल शाईने गोल करते आणि पोर पुन्हा लिहितं. पोराला निदान चुकल्याची लाज तरी वाटते. जुन्या काळी ध चा मा करायलासुद्धा कुणाचं तरी कारस्थान लागलं होतं. इथे कारस्थान करण्याइतकीही अक्कल कुणी खर्च केली नव्हती.

तिने खिडकीतल्या बाईला समजावलं, हे मुलीचा नाही, भुलीचा आहे, ताबडतोब आत कळवा. बाईने पान पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं.

“ज्यांच्याबद्दल तक्रार आहे, त्या असंच म्हणणार ना, ताई.”

आता मुलाचा शब्दच चालणार होता. तिने फोन केला. दादा खालून चहाचा पेला सांभाळत आला. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी सकाळी त्याला विचारलंही होतं, आधी कधी काही त्रास? सगळं फाइलीत आहे, असं त्याने अभिमानाने सांगितलं होतं. आईनेही मान डोलावली होती.

बहिणीने पान त्याच्यापुढे धरलं. त्याने ते दुरून पाहिलं.

“एका अक्षराचा तर फरक आहे. नव्व्याण्णव टक्के बरोबर आलंय की.”

“पाठवण्याआधी वाचलं होतंस का दादा हे?”

“वाचायचं काय त्यात? फाइल उघडत होती ना.”

मूळ पत्र कुठे आहे, हे तिने विचारलं नाही. रद्दीवाला कधी येऊन जातो ते तिला माहीत होतं.

दादाने खिडकीत सांगितलं, बहीण म्हणते ते खरं असावं. असावं, हा शब्द त्याने एवढ्या वेळानंतरही सोडला नाही. बाई म्हणाली, मग दुरुस्तीचा अर्ज भरा, ऑनलाइन. आणि दादाने खरोखरच चहा खाली ठेवला, फोन काढला आणि अर्ज कुठल्या प्रकारात मागतात ते बघायला लागला. त्याच्या चेहऱ्यावर पुन्हा तेज आलं.

बहिणीने त्याच्याकडे पाठ फिरवली. पान उलटं करून तिने त्यावर फळ्यावर लिहिते तसं मोठ्या अक्षरात लिहिलं: भूल चालत नाही, मागे श्वास थांबला होता. आतून बाहेर आलेल्या पहिल्याच नर्सचा तिने दंड धरला. रखवालदार पुढे आला. नर्सने त्याला हातानेच थांबवलं, ते वाचलं, पान उलटून छापील बाजूही वाचली, आणि धावत परत आत गेली.

पंधरा मिनिटांनी दादाच्या फोनवर उत्तर आलं की या प्रकारची फाइल स्वीकारली जात नाही. तो ती बदलून घ्यायला बसला आहे. दारावरच्या फलकात आईच्या नावापुढे ‘सुरू’ असं दिसतंय. नर्स आत पोचली तेव्हा भूल द्यायची होती की देऊन झाली होती, हे अजून कुणी बाहेर येऊन सांगितलेलं नाही.