जास्वंदीचं पॉलिश

सुनेची आज बसड्रायव्हरच्या नोकरीसाठी मुलाखत आणि बुटांच्या पॉलिशची डबी नेमकी आजच गायब!

“मी नाही हं पाहिली,” तिचा नवरा कुणी न विचारताच म्हणाला.

चोराच्या मनात चांदणं, हे सासूबाईंनी ओळखलं. त्या तरातरा अंगणात गेल्या. ज्या जास्वंदीला त्या कुणाला बोट लावू देत नसत, तिची सगळी फुलं त्यांनी ओरबाडली आणि सुनेच्या बुटांवर खसाखसा चोळली. लाल पाकळ्यांखाली चामडं काळंभोर चमकू लागलं.

“अगं आई, झाड बोडकं केलंस!”

“झाड उद्या पुन्हा फुलेल, मुलाखत आजच आहे,” सुनेपुढे बूट ठेवत त्या म्हणाल्या. “आणि तुझ्या खिशातली ती डबी जागेवर ठेव. हिला रोज लागणार आहे.”